काठाकडून आत

चिंध्यांतून करता येतील अशा लहान वस्तूंवर लेख हवा, असं संपादकांनी कळवलं तेव्हा सोबत परदेशी मासिकांची काही कात्रणं जोडली होती. तिकडे हातशिवणीची हौस असलेल्या मंडळींत एकमेकांना आव्हान देण्याची पद्धत आहे. नवं कापड विकत आणायचं नाही, घरातल्या तुकड्यांतूनच ठरलेल्या मापाची वस्तू करायची आणि मुदतीत पुरी करायची. कात्रणांतली बहुतेक कामं नीटस होती. एका कामापाशी मात्र मी थांबले. ताटाखाली मावेल एवढा चौकोन, चारही कोपऱ्यांतून बाहेर आलेली रंगीत त्रिकोणी टोकं, आणि धावदोऱ्याच्या रेघा काठाला समांतर फिरत मधोमध येऊन संपलेल्या. खाली 'कवंदी पद्धत' असं लिहिलं होतं. ती पद्धत कुणाची, ते लिहिलं नव्हतं.

ती सिद्दी बायकांची; कवंदी म्हणजे त्यांची ठिगळांची गोधडी. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या तालुक्यांच्या रानातल्या गावांत ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. बेळगावहून ते अंतर फार नाही. आधी जाऊन येते, मग लिहिते, असं संपादकांना सांगून मी निघाले.

आपल्याकडे सिद्दी म्हटलं की मुरूड-जंजिरा आठवतो. कर्नाटकातल्या सिद्दींची कहाणी निराळी आहे. हेही आफ्रिकेतून आलेल्या माणसांचेच वंशज, पण त्यांच्या पूर्वजांपैकी पुष्कळांना पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलं होतं. तिथून निसटून ती माणसं घाटावरच्या जंगलात शिरली आणि तिथेच राहिली. त्यांच्यात हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. घरातली बोली कोकणीच्या जवळची, बाहेर कन्नड, आणि हल्याळच्या बाजूला मराठीही सहज चालते. उत्तर कन्नडातल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला तो २००३ साली. आफ्रिकी कलेचे अमेरिकी अभ्यासक हेन्री ड्रूअल यांनी त्यानंतरच्या काळात कवंदीचा बारकाईने अभ्यास केला. सिद्दी बायकांची गोधड्यांची सहकारी संस्था २००४ साली उभी राहिली, त्यातही त्यांचा हात होता. पुढे कवंद्या अमेरिकेतल्या प्रदर्शनांत लागल्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या कलावंत मार्गारेट फॅब्रिझिओ यांनी ही शिवण आत्मसात करून इतरांना दाखवली आणि मग ती जगभरच्या हौशी हातांत गेली. कात्रणातला तो चौकोन याच वाटेने आमच्या संपादकांच्या टेबलावर आला असणार.

हा इतिहास तासाभरात वाचून होतो. मला पाहायचा होता तो कोपरा.

ज्या बाईंनी तो दाखवला त्यांचं नाव इथे देत नाही, तशीच त्यांची इच्छा होती. मी त्यांना मावशी म्हणत होते. ओसरीवर पाय पसरून त्या बसल्या होत्या. शेजारी तुकड्यांचं गाठोडं, मांडीवर अस्तराचं कापड. एरवी मोठ्या कवंदीला जुन्या सुती साडीचं अस्तर लागतं, पण मला पद्धत समजावी म्हणून त्यांनी वीतभराहून थोडा मोठा चौकोन फाडून घेतला. कात्री लावली नाही. दातांनी काठ जरासा तोडला आणि दोन्ही हातांनी सरळ टर्रकन फाडला. फाडलेलं कापड धाग्याच्या रेषेतच फाटतं, त्यामुळे कड सरळ येते. मग अस्तराची कड अर्धा इंच आत दुमडून नखाने दाबत नेली. इस्त्री नाही, टाचण्या नाहीत, खडूची रेघ नाही.

आता इथे या पद्धतीची सगळी हुशारी आहे, म्हणून जरा थांबून सांगते.

ठिगळांची गोधडी करायची तर आपण काय करतो? तुकडे एकमेकांना जोडून आधी वरचा थर पुरा करतो. मग मधलं कापड, मग अस्तर, मग तिन्ही थर एकत्र टाचून घेतो, मग धावदोरा घालतो आणि शेवटी कडेला पट्टी. अमेरिकेतला 'लॉग केबिन' नावाचा प्रसिद्ध नमुना तर मधल्या चौकोनापासून सुरू होतो आणि पट्ट्या जोडत बाहेर वाढतो. हवा तेवढा वाढवा, हवा तिथे थांबा. कवंदी याच्या नेमकी उलट चालते. काठ आधी बांधला जातो, म्हणजे शेवटचं माप पहिल्याच फेरीत ठरून जातं. एका कोपऱ्यात पहिला तुकडा ठेवायचा, त्याची बाहेरची कड अस्तराच्या दुमडीला भिडेल अशी आत मोडायची आणि वरून खालपर्यंत सगळ्या थरांतून सुई घालत निघायचं. पहिला तुकडा संपत आला की दुसरा त्याच्यावर चढवायचा, त्याची चढणारी कड आत मोडायची आणि पुढे जायचं. आतल्या बाजूच्या कडा तशाच मोकळ्या राहतात, पुढच्या फेऱ्यांतले तुकडे त्या झाकत जातात. एक फेरी पुरी झाली की अर्ध्या इंचावर आत दुसरी. जोडणं, थर बांधणं, धावदोरा आणि कड ही चारही कामं एकाच टाक्यात होतात. पहिला टाका घातला तेव्हापासून हातातली वस्तू गोधडीच असते, फक्त ती मध्यापर्यंत पोचलेली नसते.

तुकडा निवडायचा तो त्या त्या जागेपाशी आल्यावर. मावशी गाठोड्यात हात घालत, एक तुकडा काढून जागेवर धरत आणि डोकं जरा मागे नेऊन पाहत. नाही पटला तर परत गाठोड्यात. कागदावर आखणी नव्हती, पण मनात काही नव्हतं असं मात्र नाही. जांभळ्या चौकटीशेजारी पुन्हा जांभळं येऊ द्यायचं नाही, हे त्यांच्या हाताला ठाऊक होतं. मी एक पिवळा तुकडा पुढे केला. त्यांनी तो घेतला, चिमटीत चुरडून पाहिला आणि बाजूला ठेवला. तो टेरिकॉटचा होता, त्यावर नखाची मोड बसत नव्हती.

कोपऱ्यावर आल्यावर त्यांचा वेग उतरला. तिथे 'फुलं' लागतात. बोटभर चौकोन तिरका दुमडायचा, तो पुन्हा दुमडायचा. दोनदा दुमडला की सगळ्या कच्च्या कडा एका लांब बाजूला गोळा होतात. ती बाजू अस्तर आणि वरचा तुकडा यांच्यामध्ये सरकवायची आणि टोक बाहेर ठेवायचं. एकावर एक दोन-तीन रंगांची टोकं ठेवली की कोपरा उमलतो. तिथे एकाच जागी इतके थर येतात की सुई सहज जात नाही. मावशी ती अंगठ्याने रेटत आणि पलीकडून दातांत धरून ओढत. वापराच्या दृष्टीने या फुलांचा काही उपयोग नाही, उलट तीच आधी झिजतात. तरी ती नसलेली कवंदी नागडी दिसते, असं सिद्दी बायकांचं म्हणणं ड्रूअल यांनी नोंदवून ठेवलं आहे. मावशींना मी विचारलं की एवढं जड काम आहे तर एखाद्या वेळी फुलं सोडून दिली तर? त्यांनी उत्तर दिलं नाही, पुढचा चौकोन दुमडायला घेतला. मला ते उत्तर पुरेसं वाटलं.

फुलांखेरीज 'टिकली' असते. वर नुसता शोभेसाठी लावलेला, भडक रंगाचा नखाएवढा तुकडा. बाळाच्या कवंदीवर अशा टिकल्या दाट असतात. ख्रिस्ती घरांतल्या कवंद्यांवर क्रूस दिसतो, मुसलमान घरांतल्यांवर चंद्रकोर. कुणी कुणाचं चिन्ह उचललं आणि का, यात मी शिरले नाही. डोळ्यांना दिसलं ते एवढंच, की एकाच गावातल्या दोन बायकांच्या कवंद्या शेजारी ठेवल्या तर कुठली कुणाची हे गावातली पोरंही सांगतात.

घरी येऊन मी नऊ इंचांचा चौकोन शिवायला घेतला. आव्हान म्हणून ही पद्धत लोकांना का भुरळ घालते ते हातात सुई असताना कळतं. तुकडा किती लागेल हे आधी मोजता येत नाही आणि एकदा फेरी पुढे गेली की मागचा तुकडा बदलता येत नाही. तो बदलायचा तर त्याच्यावर चढलेलं सगळं उसवावं लागतं. शिवाय काठ घट्ट बांधलेला असल्याने कापडाचं सैलपण बाहेर जायला जागाच नसते. प्रत्येक फेरीत डाव्या तळव्याने थर सपाट करत, उरलेली ढील आत सारत जावं लागतं. ते नीट जमलं नाही तर सगळी ढील मध्याशी जमा होते आणि तिथे फुगा येतो. मधली शेवटची खिडकी झाकणारा तुकडा तर चारही बाजूंनी मोडून नेमका त्या मापाचा बसवावा लागतो. काठावर झालेली हयगय मध्यावर वसूल होते. शिवणयंत्रावर हे का साधत नाही, तेही इथेच उमगतं. यंत्राची दाबपट्टी वरचं कापड अडवून धरते, खालचं दाते ओढतात. दोन्ही थर सारखे सरकत नाहीत, आणि तळव्याने चाचपायला तिथे जागा नसते.

आपल्या वाकळीचा धावदोराही पुष्कळदा असाच चौकोनी फेऱ्यांनी काठाकडून आत जातो. माझ्या आजोळची वाकळ काढून पाहिली तर रेघा तशाच. फरक असा की तिथे वरचं लुगडं अखंड होतं, ठिगळं पोटात गेली होती. सिद्दी बायका तीच ठिगळं वर आणतात.

आता काळजीची गोष्ट. मी लहान कवंदीचं कौतुक करत आले आहे, पण तिचा हिशेब मांडल्यावर मला ते कौतुक पूर्वीसारखं करता येईना.

सहा फूट बाय चार फुटांची कवंदी धरा. तिचा काठ २४० इंच आणि क्षेत्रफळ ३,४५६ चौरस इंच. नऊ इंचांच्या चौकोनाचा काठ ३६ इंच आणि क्षेत्रफळ ८१ चौरस इंच. म्हणजे मोठीच्या दर चौरस इंचामागे जेवढा काठ येतो, त्याच्या सहापटीहून जास्त लहानीच्या वाट्याला येतो. आणि कापड दुमडणं, भिडवणं, सरळ ठेवणं हे सगळं कष्टाचं काम काठावरच असतं. रेघांत अर्ध्या इंचाचं अंतर धरलं तर नऊ इंचांच्या चौकोनात साडेतेरा फूट धावदोरा लागतो. इंचाला पाच टाके धरले तर आठशेहून अधिक टाके. कोपरे तर मोठीलाही चार आणि लहानीलाही चारच, तीच फुलं, तीच अंगठ्याची रेटारेटी. गिऱ्हाईक मात्र किंमत आकारावरून करतं. लहान आहे म्हणजे स्वस्त हवं, असं त्याला प्रामाणिकपणे वाटतं. दुकानात उभं राहून मीही आजवर तशीच किंमत करत आले आहे.

आणि मागणी लहान वस्तूंनाच आहे. पांघरायला बाजारात गिरणीची चादर मिळते, ब्लँकेट मिळतं. मोठी कवंदी घेणारा विरळा. पर्यटक घेतो ते ताटाखालचं आसन, उशीचा अभ्रा, पेल्याखाली ठेवायचा चौकोन. तेही सहाचा संच हवा आणि सहाही सारखे हवेत. तुकडा जागेवर आल्यावर निवडायचा ही ज्या कामाची रीत, त्यात सारखेपणा आणायचा म्हणजे आधी कापड कापून ठेवायचं, क्रम लावून ठेवायचा आणि मग नुसतं शिवत जायचं. मावशींकडे अशी मागणी आली होती. त्यांनी सहा आसनं दिली, मापाने तंतोतंत, रंगाने सहा तऱ्हांची. घेणाऱ्याने त्यातली दोन परत केली. ती दोन मी पाहिली. माझ्या मते गाठोड्याजवळच्या कामांत तीच सगळ्यांत देखणी होती.

कापडाचंही अवघड होत चाललं आहे. गाठोड्यात आता जुनं सुती लुगडं क्वचित सापडतं. अंगावरच्या साड्याच सिंथेटिक झाल्या, तेव्हा त्यांच्या चिंध्याही तशाच असणार. ते कापड लवकर झिजत नाही, पण मोड धरत नाही, सुईखाली निसटतं आणि घाम शोषत नाही. बाळाला त्यावर निजवायला आया तयार नसतात. शिंप्याकडची कतरणं मिळतात ती अरुंद आणि आडव्या-तिरक्या कापाची, ओढली की ताणली जाणारी. विक्रीची कामं करायची तर सुती कापड विकत आणावं लागतं. चिंध्यांचं काम करण्यासाठी नवं थान फाडायचं, ही गोष्ट मावशींना पटत नाही आणि मलाही पटलेली नाही.

कात्रणातल्या त्या चौकोनावर माझा राग नाही. परक्या देशातल्या कुणी घरच्या तुकड्यांतून इतक्या मन लावून कवंदी शिवावी, याचा आनंदच आहे. शिवण शिकण्यावर कुणाची मालकी असू नये. पण आव्हानाच्या नियमांत कापडाचं माप येतं, मुदत येते, तर सिद्दी हे नावही यायला हवं. आपल्याकडे शाळांतून, महिला मंडळांतून हे घ्यायचं ठरलं तर शिकवायला तिथल्याच बायकांना मानधन देऊन बोलवावं, असा माझा आग्रह आहे. हल्याळ इथून लांब नाही आणि भाषेचीही अडचण नाही.

मावशींनी पेल्याखालचे चार इंची चौकोन घेणं बंद केलं आहे. चार इंचांत चार कोपरे मावतात, पण मग मध्ये रंग मांडायला जागा उरत नाही, असं त्या म्हणाल्या. नऊ इंचांच्या खाली त्या जात नाहीत. एक मागणी त्यामुळे हातची गेली, आणि त्या पैशांची घरात गरज होती, हेही त्यांनी सांगितलं.