शक्तीची शिल्लक

अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात वसंताच्या आरंभी बर्फ हटवले जाते. त्यानंतर मोटारींना प्रवेश मिळेपर्यंत पश्चिम प्रवेशद्वार ते मॅमथ हॉट स्प्रिंग्ज हा सुमारे ७९ किलोमीटरचा रस्ता काही आठवडे सायकलस्वारांना खुला असतो. आपण तेथे सहकुटुंब जाणार असाल, तर परतीपुरती शक्ती सदैव शिल्लक राखावी.

सुमारे २,००० मीटर उंचीवर दम लवकर लागतो. चढावर आलेला घाम उतारावरच्या वाऱ्यात अंग गारठवतो. म्हणून चढापूर्वी एक कपडा उतरवावा, उतारापूर्वी पुन्हा घालावा. वाटेत खाण्याची सोय नसते. शिदोरी जवळ हवी. मूल कुडकुडू लागताच त्याला कोरडे कपडे व गोड खाऊ द्यावा आणि मागे फिरावे.

अशीच शिल्लक प्राण्यांचीही असते. हिवाळाभर अंगातील चरबीवर तगलेले बायसन याच रस्त्याने चालतात. त्यांना बिचकवून पळवणे म्हणजे त्यांची उरलीसुरली शक्ती हिरावणे होय. त्यांच्यापासून किमान २३ मीटर, तर अस्वले व लांडग्यांपासून ९१ मीटर दूर राहावे. अस्वलरोधक फवारा हाताशी असावा. कळपाने वाट सोडली नाही, तर आपणच माघारी वळावे. तेवढे अंतरही शरीराला पुरेसा व्यायाम देते.