बारशाला बाप कुठे?

क्रिकेटपटूच्या संसाराचा इतिहास लिहायचा तर साधने कोणती? धावफलकात बायकोचे नाव नसते. मुलाखतीत असते, पण तिथे ती ‘भक्कम आधार’ होऊन येते आणि माणूस म्हणून नाहीशी होते. घाटकोपरच्या घरी कात्रणे लावता लावता मला एक साधी रीत सुचली : मुलाची जन्मतारीख घ्यायची आणि त्या दिवशी बाप कोणत्या मैदानावर होता ते पाहायचे.

सुनील गावसकरांपासून सुरुवात करू. रोहनचा जन्म २० फेब्रुवारी १९७६चा. वडील न्यूझीलंडच्या दौऱ्यावर होते आणि तिथून संघ परस्पर वेस्ट इंडीजला गेला. १२ एप्रिलला पोर्ट ऑफ स्पेनला भारताने ४०३ धावांचे लक्ष्य गाठले. गावसकरांच्या १०२ धावा. हा सामना आपल्याला पाठ आहे. मुलगा तेव्हा पावणेदोन महिन्यांचा होता आणि बापाने त्याला अजून पाहिलेले नव्हते. मार्शनील गावसकरांचे ते दिवस कसे गेले, हे मात्र कोणत्याच वार्षिकात सापडत नाही.

त्रेचाळीस वर्षांनंतरचे उदाहरण मुलुंडशी नाते सांगणारे. अजिंक्य रहाणे आणि राधिका धोपावकर हे तिथले शेजारी. लग्न २०१४ साली झाले. मुलगी जन्मली ५ ऑक्टोबर २०१९ रोजी, विशाखापट्टणमची कसोटी चालू असताना. ती कसोटी ६ तारखेला संपली, पुण्याची १० तारखेला सुरू झाली आणि रहाणे तीत खेळला. म्हणजे मधले दिवस मोजून तीन, प्रवास धरून.

बोरिवलीत आजी-आजोबांकडे वाढलेल्या रोहित शर्माची गोष्ट जरा निराळी. रितिका सजदेह स्वतः खेळाडूंचे व्यवस्थापन पाहणारी. खेळत नसली तरी या धंद्याचे वेळापत्रक तिला लग्नाआधीच माहीत होते. (लग्नाची मागणी त्याने बोरिवलीच्या मैदानावरच घातली. दुसरीकडे कुठे घालणार!) मुलगी झाली ३० डिसेंबर २०१८ला, त्याच दिवशी मेलबर्नची कसोटी भारताने जिंकली. रोहित सिडनीची कसोटी सोडून घरी आला. नोव्हेंबर २०२४मध्ये मुलगा झाला तेव्हा तो कर्णधार होता, तरी पर्थला खेळला नाही.

या दोन प्रसंगांच्या मध्ये डिसेंबर २०२० येतो. ॲडलेडला ३६ धावांत डाव आटोपल्यावर विराट कोहली पितृत्वाच्या रजेवर परतला आणि त्यावर बरीच चर्चा झाली. त्याच्या जागी नेतृत्व केले रहाणेने, मेलबर्नला शतक ठोकले, मालिका जिंकली. स्वतः तीन दिवसांत कामावर रुजू झालेला हा गृहस्थ!

रजा मिळू लागली, ही सुधारणा खरीच. पण ती बाळंतपणापुरती. एरवी घर दोघांचे असले तरी तारखा मंडळाच्या असतात, आणि बहुधा नोकरी मागे पडते ती न खेळणाऱ्याची. अंजली तेंडुलकर बालरोगतज्ज्ञ होत्या. त्यांनी व्यवसाय सोडला.

जानेवारी २०२५मध्ये मंडळाने नवा नियम केला : दौरा पंचेचाळीस दिवसांहून मोठा असेल तर कुटुंबाने एकदा, फार तर दोन आठवडे सोबत राहावे. त्या वर्षीच्या इंग्लंडमधल्या पाच कसोटी २० जून ते ४ ऑगस्ट, म्हणजे शेहेचाळीस दिवस चालल्या. मुंबईच्या बहुतेक शाळा जूनच्या मध्याला उघडतात. ते दोन आठवडे कोणते निवडायचे, हे घरी बसून ठरवायचे होते.