नाक खाली केलेली बीटल

जुन्या फोक्सवॅगन बीटलचा पुढचा भाग खाली उतरवला की ती देखणी दिसते, हे खरेच. पण वेगात ती भरकटू लागते आणि दोष बहुधा स्टिअरिंग बॉक्सच्या माथी मारला जातो. माझ्या मते मूळ कारण कोनात आहे. चाक ज्या अक्षाभोवती वळते, तो वरच्या टोकाला किंचित मागे झुकलेला असतो. या झुकावाला कॅस्टर म्हणतात आणि मुख्यतः त्यामुळेच वळणानंतर चाक आपसूक सरळ होते. फक्त पुढची बाजू उतरवली की सगळी गाडी पुढे कलते आणि हा कोन घटतो. म्हणूनच पुढच्या अ‍ॅक्सल बीमच्या खालच्या नळीमागे शिम, म्हणजे पातळ पट्टी, घालून तो परत मिळवतात. शिवाय टाय रॉड तिरके होतात. बीटलमध्ये ते दोन्ही सारख्या लांबीचे नसतात, त्यामुळे खड्ड्यात डावे-उजवे चाक वेगवेगळे वळते.

ब्रेक दाबताच वजन पुढे येते आणि सस्पेन्शन दबते. दबायला जागाच उरली नसेल, तर ते रबरी थांब्यावर आदळते, टायरची पकड तुटते, गाडी एका बाजूला ओढते. अशा वेळी नुसते डिस्क ब्रेक बसवून भागत नाही. ब्रेकचा रबरी होज टायरला घासत असेल, तर धोका त्याहून मोठा.

शर्यतीच्या गाड्याही खालीच असतात, असे कोणी म्हणेल. गुरुत्वमध्य खाली आल्याचा फायदा मान्य. पण तिथे कोन, स्प्रिंग, शॉक अ‍ॅब्झॉर्बर सारे नव्याने जुळवलेले असते. तेव्हा उंची कमी केल्यावर अलाइनमेंट तपासल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका.