अखंड सात तासांचा रूळ
चालकाच्या खिडकीतला रूळ तासन्‌तास पाहण्यात काय गंमत, असे कुणीही विचारेल. उत्तर नॉर्वेत मिळते. बर्गन-ऑस्लो रेल्वेमार्गाच्या शताब्दीनिमित्त 'एनआरके' या सार्वजनिक वाहिनीने नोव्हेंबर २००९ मध्ये सात तासांहून मोठा हा प्रवास अखंड दाखवला. जेमतेम ४८ लाख वस्तीच्या देशात सुमारे १२ लाख लोकांनी तो थोडाफार तरी पाहिला. बोगद्यांतल्या अंधाराचे काय? तिथे वाहिनीने जुन्या चित्रफिती आणि मुलाखती पेरल्या. 'काही घडतच नाही' हा आक्षेपही टिकत नाही. गाडी चढत जाते तशी झाडी विरळ होते आणि १,२२२ मीटरवरच्या फिन्से स्थानकाभोवती उघडेबोडके पठार लागते. संकलकाची कात्री फारशी चालत नसल्याने नजर कुठे थांबवायची हे प्रेक्षक ठरवतो. या चित्रीकरणाची खरी ओढ हीच.