तुळया नेल्या, खाचा राहिल्या

दोल्बादर्नच्या बुरुजात उभं राहून वर पाहिलं, की आधी आभाळ दिसतं आणि मग भिंतीतल्या खाचा. त्या खाचांत कधीकाळी तुळया बसवलेल्या होत्या. तुळयांवर फळ्या होत्या, फळ्यांवर माणसं वावरत होती. आता बुरूज आतून पोकळ आहे. छप्पर नाही, मजले नाहीत, फक्त दगड. हे लाकूड कुजून गेलं नाही, ते नेलं गेलं. १२८४ साली इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या माणसांनी इथलं लाकूड उतरवलं आणि सुमारे ११ किलोमीटरवरच्या कनार्व्हनला वाहून नेलं. तिथे त्याचा नवा, प्रचंड किल्ला उभा राहत होता.

उत्तर वेल्समध्ये, अर विद्वा या १,०८५ मीटर उंचीच्या डोंगराच्या पायथ्याशी लानबेरिस नावाचं गाव आहे. इंग्रजीत या डोंगराला स्नोडन म्हणतात. २०२२ साली तिथल्या राष्ट्रीय उद्यानाच्या प्राधिकरणानं ठरवलं, की यापुढे आपण वेल्श नावच वापरायचं. गावाला लागून दोन तळी आहेत, पादर्न आणि पेरिस. दोन्ही नावं जुन्या संतांची. हिमनदीनं कोरलेलं हे मुळात एकच तळं होतं. मध्ये गाळ साचून त्याची दोन झाली. त्या दोहोंच्या मधल्या खडकाळ उंचवट्यावर हा बुरूज उभा आहे. वेल्शमध्ये ‘दोल’ म्हणजे कुरण, त्यामुळे दोल्बादर्न म्हणजे पादर्नचं कुरण. गावातून इथवर यायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात, आणि तिकीट नाही.

सह्याद्रीत किल्ले पाहत वाढलेल्या माणसाला हा किल्ला पहिल्या नजरेत लहान वाटतो. बुरूज जेमतेम १५ मीटर उंच, भोवतीचा तट बराचसा ढासळलेला. शिवाय तो शिखरावरही नाही. पण नाणेघाटाच्या माथ्यावर जीवधन कशासाठी आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याला इथली जागा लगेच कळते. डोंगरांमधून जाणारी खिंड इथे तोंड उघडते. खिंडीतून येणाऱ्या-जाणाऱ्याला या बुरुजाच्या नजरेखालूनच जावं लागे. लिवेलिन अप योर्वेर्थ या ग्विनेदच्या, म्हणजे इथल्या वेल्श राज्याच्या, राजानं तो १२२० ते १२४० च्या दरम्यान बांधला. आपल्याकडे तेव्हा देवगिरीवर सिंघण यादव राज्य करत होता.

या राजाचं राज्य मोडलं ते आधी भाऊबंदकीनं. वेल्श रिवाजाप्रमाणे जमीन मुलांमध्ये वाटली जाई, राज्यही त्याच मापानं मोजलं जाई. लिवेलिनच्या नातवांमध्ये वाटणीवरून लढाई झाली. १२५५ साली ब्रिन देर्विनला धाकट्या लिवेलिननं आपला भाऊ ओवाइन याला पकडलं आणि १२७७ पर्यंत कैदेत ठेवलं. बावीस वर्षं! हा तुरुंग म्हणजे दोल्बादर्नचाच बुरूज, असं परंपरेनं मानलं जातं. हवेल वोएल नावाच्या कवीनं ओवाइनच्या सुटकेसाठी कविता रचली, ती आजही उपलब्ध आहे. वेल्समध्ये कवी हा दरबाराचा भाग असे, म्हणून त्याचं असं उघड बोलणं मला मोठं वाटतं. बुरुजाच्या आत उभं राहिलं की भिंत चहूकडून गोल फिरून पुन्हा आपल्यापाशी येते. बसायला कोपरा सापडत नाही.

ओवाइन सुटला आणि पाचच वर्षांत सगळं संपलं. ११ डिसेंबर १२८२ रोजी एडवर्डच्या सैन्याकडून धाकटा लिवेलिन मारला गेला. त्याचा भाऊ दाविद काही काळ याच खोऱ्यात टिकून होता. जून १२८३ मध्ये तो पकडला गेला आणि ऑक्टोबरात श्रूझबरीला त्याला हाल करून मारलं. पुढच्या वर्षी बुरुजातल्या तुळया निघाल्या. हे घडत असताना आपल्याकडे ज्ञानदेव लहान होते. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती १२९० साली.

कनार्व्हनचा किल्ला आज जागतिक वारसा यादीत आहे, १९८६ पासून. मी तोही पाहिला. भव्य आहे, शाबूत आहे. तरी माझं मन दोल्बादर्नपाशीच राहिलं. जिंकणाऱ्याच्या किल्ल्यात आपण पाहुणे असतो. हरलेल्यांच्या किल्ल्यात कुणी काही दाखवत नाही, आपल्यालाच शोधावं लागतं. चित्रकार टर्नरलाही इथे काहीतरी सापडलं असावं. त्याचं दोल्बादर्नचं चित्र १८०० साली लंडनच्या रॉयल अकॅडमीत लागलं आणि पुढे सभासद झाल्यावर त्यानं तेच चित्र अकॅडमीला दिलं. त्यात बुरूज आहे त्याहून कितीतरी उंच आहे आणि माणसं अगदी ठिपक्यांएवढी.

बुरुजावरून उतरून दोन तळ्यांना जोडणारं पाणी ओलांडलं, की पादर्न तळ्याची प्रदक्षिणा सुरू करता येते. पूर्ण फेरी सुमारे ८ किलोमीटरची. रानातल्या वाटेला थोडा चढ आणि दगडी पायऱ्या आहेत, बाकी वाट सपाट. वाटेत तीन-चार वेळा तरी बसावंसं वाटतं, म्हणून अर्धा दिवस हाताशी ठेवावा.

पाणी ओलांडताच डोंगर बदलतो. एलिदिर वाउर हा ९२४ मीटरचा डोंगर समोर उभा असतो आणि त्याची अख्खी बाजू पायऱ्यापायऱ्यांनी कापलेली असते. ही दिनोर्विकची खाण. आपण ज्याला पाटीचा दगड म्हणतो, तो इथे निघे. १७८७ मध्ये मोठ्या प्रमाणावर काम सुरू झालं, १९६९ मध्ये बंद पडलं. भरभराटीच्या काळात इथे ३,००० हून अधिक माणसं राबत होती. तो दगड छिन्नीनं पापुद्र्यासारखा उलगडतो, त्याची पातळ कौलं होतात. ब्रिटनमधल्या कितीतरी शहरांनी ही वेल्श कौलं डोक्यावर घेतली. कौलांच्या मापांना नावं होती डचेस, काउंटेस, लेडी. सरदारघराण्यातल्या बायकांची ही नावं दिवसभर ज्यांच्या तोंडी असत, त्यांच्या फुप्फुसांत त्याच दगडाची धूळ बसत होती. खाणीतल्या दोन पायऱ्यांची नावं ऑस्ट्रेलिया आणि कॅलिफोर्निया. रोज सकाळी माणूस घरातून निघून ऑस्ट्रेलियाला जाई आणि संध्याकाळी परत येई.

१८७० साली बांधलेले खाणीचे कारखाने तळ्याकाठी आहेत. त्यांत १९७२ पासून पाटीच्या दगडाचं राष्ट्रीय संग्रहालय होतं. २०२४ च्या अखेरीस ते नूतनीकरणासाठी बंद झालं. १५ मीटरहून मोठ्या व्यासाचं एक पाणचक्र या कारखान्यांतली सगळी यंत्रं फिरवत असे. पण मला चक्रापेक्षा ‘कबान’ जास्त मोलाचं वाटतं. कबान म्हणजे खाणकामगारांची जेवणाची खोपटी. तिथे जेवणाच्या सुट्टीत राजकारणावर आणि धर्मावर वाद होत, गाणी होत, कवितांच्या स्पर्धा लागत. हे सगळं वेल्शमधून. मालक आणि बाजार इंग्रजी, पण खोपटीतली भाषा स्वतःची. ग्विनेद परगण्यात २०२१ च्या जनगणनेनुसार सुमारे ६४ टक्के लोकांना वेल्श बोलता येतं. सगळ्या वेल्समध्ये हे प्रमाण १८ टक्क्यांच्या आत आहे. त्यामागे अनेक कारणं आहेत, पण त्यात या खोपट्यांचा वाटा आहे याबद्दल मला शंका नाही. इथे दोनला ‘दाय’ म्हणतात, तीनला ‘त्री’, दहाला ‘देग’. द्वि, त्रि, दश म्हणत वाढलेल्या कानाला ते ओळखीचं लागतं, आणि ते नुसतं लागत नाही, नातं खरंच आहे.

इथून वाट रानात शिरते. थोड्या चढानंतर खाणीचं जुनं इस्पितळ लागतं, १८६० साली बांधलेलं, तळ्याकडे तोंड करून. अंगावर दगड कोसळलेल्या, हात चिरडलेल्या माणसांना इथे आणत. दिसायला ते बंगल्यासारखं आहे. त्याच्या अंगणातून तळं, गाव आणि पलीकडचे डोंगर एका नजरेत मावतात. धुळीनं फुप्फुसं गेलेल्यांसाठी भरपाईचा कायदा संसदेनं केला तो १९७९ साली. दिनोर्विकची खाण बंद होऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती.

आणि मग ओकचं रान. मी गेले तेव्हा ऑक्टोबर होता. समुद्रावरून येणारा पाऊस इथल्या डोंगरांना अडतो, त्यामुळे हे रान बाराही महिने ओलं असतं. ओकच्या खोडांवर शेवाळ, शेवाळात नेचे आणि फांद्यांवर दगडफुलाच्या जातीचे करडे-हिरवट थर. आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल आठवून मी एका फांदीला नाक लावलं. ओल्या मातीचा वास आला. उन्हाळ्यात इथे काळा-पांढरा माशीमार पश्चिम आफ्रिकेतून येतो, पिल्लं वाढवतो आणि परत जातो. मला तो भेटला नाही, पण खाणीत राहणाऱ्या रानबकऱ्या पायऱ्यांवर निवांत बसलेल्या दिसल्या.

दगडासाठी सगळा डोंगर फोडला गेला आणि त्याला लागून असलेलं हे रान राहिलं. त्यातून जाताना अधूनमधून दगडी भिंतींचे तुकडे आणि गाड्या उतरवण्याच्या उतारांचे अवशेष लागतात. व्हिव्हियन नावाची एक खाण पाण्यानं भरून खोल डोह झाली आहे. २०२१ साली या सगळ्या परिसराला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. ज्यांच्या कामानं तो मिळाला, त्यांच्या नावे, याचा मला मनापासून आनंद आहे.

याच डोंगराच्या पोटात आणखी एक काम चालू आहे, ते वाटेवरून दिसत नाही. १९८४ साली इथे उदंचन जलविद्युत केंद्र सुरू झालं, १,७२८ मेगावॉटचं. वीज स्वस्त असताना पेरिस तळ्यातलं पाणी पंपानं डोंगरावरच्या मार्खलिन वाउर तळ्यात चढवायचं आणि गरज पडली की सोडायचं. काही सेकंदांत वीज तयार. भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला, रतनगडाच्या शेजारी, आपलं घाटघरचं केंद्र याच तत्त्वावर २००८ पासून चालतं, २५० मेगावॉटचं. लानबेरिसला डोंगराच्या आत सुमारे १६ किलोमीटरचे बोगदे आहेत. दृश्य बिघडू नये म्हणून बाहेर जाणाऱ्या तारा जमिनीखालून नेल्या. हे केलं याचं श्रेय द्यायलाच हवं.

पण याचीही किंमत कुणीतरी दिली. या तळ्यांत ‘तोर्गोख’ नावाचा मासा आहे. नावाचा अर्थ लाल पोटाचा. हिमयुग ओसरलं तेव्हा थंड पाण्याबरोबर इथे अडकून राहिलेला. पेरिस तळ्याचं पाणी रोज वर-खाली होणार म्हटल्यावर तिथले मासे पकडून दुसऱ्या तळ्यांत सोडावे लागले. पादर्नमध्ये तो अजून मूळच्या ठिकाणी आहे. २००९ साली पादर्नच्या पाण्यावर शैवालाचा जाड थर आला, तेव्हा सगळ्यात मोठी चिंता याच माशाची होती.

रान संपलं की वाट तळ्याच्या काठाला उतरते. काठानं एक छोटी आगगाडी धावते, १९७१ पासून, ज्या मार्गावरून पूर्वी कौलं बंदराकडे जात त्याच मार्गावरून. तळ्याच्या टोकाला वळसा घालून पलीकडच्या काठानं गावात परतता येतं. त्या काठावर पाण्यालगत एकटं उभं असलेलं भूर्जाचं झाड आहे, त्याचे फोटो काढायला लोक लांबून येतात.

मी मात्र पलीकडे गेले नाही. आल्या वाटेनेच रानातून मागे फिरले, कारण मला तो बुरूज पुन्हा या बाजूनं पाहायचा होता. वाटेवर ओकची फळं पडली होती, पायाखाली कडकड वाजत होती. काही फळांना मोड फुटून मुळाचं टोक मातीत शिरलेलं. पाण्यापलीकडे, खिंडीच्या तोंडाशी, दोल्बादर्न दिसत होता. संध्याकाळचा उजेड वरून त्याच्या पोकळ अंगात उतरत होता.