विद्यार्थ्यांची अणुभट्टी

अमेरिकेच्या ओरेगन राज्यात, पोर्टलंड शहराच्या आग्नेय भागात रीड कॉलेज आहे. विद्यार्थी जेमतेम दीड हजार. आपल्याकडे हे नाव कानावर आलं ते बहुतेक स्टीव्ह जॉब्समुळे. 1972 मध्ये तो इथे दाखल झाला, एका सत्रानंतर त्याने शिक्षण सोडलं, तरीही सुलेखनाच्या वर्गात मात्र येऊन बसत राहिला. ही गोष्ट सगळे सांगतात. त्याच आवारात 1968 पासून एक अणुभट्टी आहे आणि ती पदवीचे विद्यार्थी चालवतात, हे सहसा कोणी सांगत नाही.

सुमारे 25 फूट खोल पाण्याची टाकी आणि तिच्या तळाशी युरेनियमचं इंधन, असं या भट्टीचं रूप आहे. इंधन थंड ठेवण्याचं आणि किरणोत्सार अडवण्याचं, दोन्ही कामं पाणीच करतं. कठड्याशी उभं राहून आडात डोकवावं तसं खाली पाहिलं, की गाभ्याभोवती निळा उजेड दिसतो. पाण्यात प्रकाश ज्या वेगाने जातो त्याहून जास्त वेगाने धावणाऱ्या इलेक्ट्रॉनांमुळे तो उमटतो. तुर्भ्याला ऑगस्ट 1956 मध्ये सुरू झालेली आपली ‘अप्सरा’ही अशीच पाण्याच्या टाकीतली भट्टी होती.

रीडच्या भट्टीची क्षमता 250 किलोवॅट आहे आणि तिच्यातून वीज अजिबात तयार होत नाही. तिथे हवे असतात ते न्यूट्रॉन. ती कॉलेजात यावी यासाठी रसायनशास्त्राचे प्राध्यापक आर्थर स्कॉट यांनी पुढाकार घेतला होता. विशेष म्हणजे या कॉलेजात अणुअभियांत्रिकीचा विभागच नाही. साहित्य, तत्त्वज्ञान, गणित, जीवशास्त्र, इतिहास हे सगळं एका छपराखाली आणि पदवीपर्यंतच शिकवणारी जी छोटी लिबरल आर्ट्स कॉलेजं अमेरिकेत आहेत, त्यांपैकी हे एक. त्यामुळे भट्टीच्या नियंत्रणकक्षात बसलेली मुलगी भौतिकशास्त्राची असेल, तशी इंग्रजी साहित्याचीही असू शकते.

मात्र तिथे बसायला परवाना लागतो आणि तो कॉलेज देत नाही. देशभरातल्या अणुवीज केंद्रांवर ज्या केंद्रीय आयोगाची देखरेख असते, तोच आयोग रीडच्या विद्यार्थ्यांचीही परीक्षा घेतो. मुलं बहुधा पहिल्याच वर्षी प्रशिक्षणाला नाव घालतात. पुढचे कित्येक महिने अभ्यासक्रम सांभाळून अणुभौतिकी, किरणोत्सारापासूनचं संरक्षण, उपकरणांची रचना आणि कायद्यातली कलमं शिकतात. मग आयोगाचा परीक्षक येतो. लेखी परीक्षा होते, आणि तो समोर उभा असताना भट्टी हाताळूनही दाखवावी लागते. उत्तीर्ण झालेल्यांतले काही पुढे वरिष्ठ चालकाची परीक्षा देतात, तीही याच वयात.

एवढी जोखमीची वस्तू एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांच्या हाती द्यायची हिंमत कशी होते, याचं निम्मं उत्तर यंत्राच्या घडणीत आहे. भट्टी ट्रिगा जातीची आहे. 1956 च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात जनरल अ‍ॅटॉमिक या कंपनीने काही शास्त्रज्ञ एकत्र आणले. त्यांत एडवर्ड टेलर आणि फ्रीमन डायसन होते. शाळकरी पोरांच्या हाती दिली तरी अनर्थ होणार नाही अशी भट्टी हवी, हा टेलर यांचा आग्रह होता. तोडगा निघाला तो इंधनातच. त्यात युरेनियमबरोबर झिर्कोनियम हायड्राइड मिसळलेलं असतं. इंधन तापलं की त्यातला हायड्रोजन तापतो आणि त्यावर आदळणारे न्यूट्रॉन हवे तेवढे मंदावत नाहीत. असे न्यूट्रॉन युरेनियमचे अणू फोडायला कमी पडतात आणि ताकद आपोआप उतरते. कुणी बटण दाबायची वाट पाहावी लागत नाही. डायसन हे विसाव्या शतकातल्या थोर सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञांपैकी एक. त्यांच्या बुद्धीचा काही वाटा विद्यार्थ्यांच्या भट्टीसाठी खर्ची पडला, याचा मला फार आनंद वाटतो.

उरलेलं निम्मं उत्तर कॉलेजच्या घडणीत आहे. पण आधी भट्टीवर काम काय चालतं ते पाहू. मातीचा, खडकाचा किंवा भांड्याच्या खापराचा चिमूटभर नमुना न्यूट्रॉनांच्या माऱ्यात ठेवतात. त्यातली मूलद्रव्यं किरणोत्सारी होतात आणि प्रत्येक जण आपापल्या ठरावीक ऊर्जेचे गॅमा किरण सोडतो. ते मोजले की नमुन्यात सोनं, आर्सेनिक, मँगनीज किती आहे ते कळतं, अगदी अत्यल्प असलं तरी. शिवाय नमुना आम्लात विरघळवावा लागत नाही. इथे घड्याळाशी मात्र शर्यत असते. ॲल्युमिनियमपासून तयार होणारा किरणोत्सारी अणुप्रकार सव्वादोन मिनिटांत निम्मा होतो. म्हणून असे नमुने हवेच्या दाबावर चालणाऱ्या नळीतून भट्टीत पाठवतात आणि क्षणात परत खेचून घेतात. सोन्याच्या बाबतीत हीच मुदत पावणेतीन दिवसांची असते. आधी काय मोजायचं आणि उद्यापर्यंत काय थांबू शकतं, हे विद्यार्थ्याला स्वतः ठरवावं लागतं.

आपल्या बीएस्सीच्या प्रॅक्टिकलशी हे ताडून पाहावं. टायट्रेशनचं उत्तर बाईंना माहीत असतं, गेल्या वर्षीच्या जर्नलमध्ये लिहिलेलं असतं. आपलं रीडिंग त्याच्या जवळ गेलं की सही मिळते. हात तयार व्हायला ते लागतंच. पण उत्तर कुणालाच माहीत नसलेला प्रश्न त्या तीन वर्षांत हाती येत नाही, आणि विज्ञान तर तिथूनच सुरू होतं. रीडमध्ये शेवटच्या वर्षी प्रत्येकाला, मग तो कोणत्याही विषयाचा असो, वर्षभर खपून प्रबंध लिहावा लागतो आणि तोंडी परीक्षेत प्राध्यापकांपुढे त्याची बाजू मांडावी लागते.

आता कॉलेजच्या घडणीत दडलेल्या उरलेल्या निम्म्या उत्तराकडे वळू. मोठ्या विद्यापीठांत महागडी उपकरणं जास्त असतात, पण त्यांच्यापुढे पीएचडीवाल्यांची रांग असते. पदवीच्या पोराला टेस्ट ट्यूब धुण्यापासून सुरुवात करावी लागते. छोट्या कॉलेजात मधली फळीच नाही. प्राध्यापकाला संशोधन करायचं तर हाताशी विद्यार्थीच, त्यामुळे प्रयोग त्यांच्याच वाट्याला येतो. याची किंमतही मोजावी लागते. प्राध्यापकांवर शिकवण्याचा भार मोठा असल्याने काम संथ चालतं, आणि मुलगा तयार होतो न होतो तोच पदवी घेऊन निघून जातो. विद्यार्थ्यांना परवडण्याचा प्रश्न तर आहेच. अशा अनेक कॉलेजांचं वर्षाचं शुल्क आज साठ हजार डॉलरच्या पुढे गेलं आहे आणि भरघोस शिष्यवृत्तीशिवाय साध्या घरातल्या मुलाला तिथलं दार उघडत नाही.

तरीही या पद्धतीचं फळ ठसठशीत दिसतं. आयोवातल्या ग्रिनेल या छोट्या कॉलेजातून 1970 मध्ये रसायनशास्त्राची पदवी घेतलेल्या थॉमस चेक यांना 1989 मध्ये नोबेल मिळालं. दहा वर्षांनी त्यांनी लेख लिहून दाखवून दिलं, की विद्यार्थिसंख्येच्या मानाने अशी कॉलेजं विज्ञानातल्या पीएचडीकडे मोठ्या संशोधन विद्यापीठांपेक्षा जास्त मुलं पाठवतात. चेक यांच्याच प्रयोगशाळेत पुढे जेनिफर डाउडना पीएचडीनंतरच्या संशोधनासाठी आल्या, ज्यांना 2020 चं नोबेल क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्रासाठी मिळालं. त्यांची पदवीही छोट्याच कॉलेजची होती, कॅलिफोर्नियातल्या पोमोनाची.

आपल्या संशोधन अणुभट्ट्या अणुऊर्जा विभागाच्या आवारात आहेत, आणि कॉलेजला अणुभट्टी द्या असं मी म्हणणार नाही. पण पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत पाचव्या वर्षी प्रत्येकाला स्वतःचा संशोधन प्रकल्प करावा लागतो. चार वर्षांच्या नव्या पदवीतही शेवटच्या वर्षी संशोधनाची सोय ठेवली आहे. त्या वर्षासाठी सातारा, लातूर, रत्नागिरीच्या कॉलेजांना लागेल तो साधा सूक्ष्मदर्शक, चालू स्थितीतला स्पेक्ट्रोफोटोमीटर, आणि आठवड्यातले काही तास मोकळे असलेला शिक्षक. जवळच्या विहिरींच्या पाण्यात उन्हाळ्यात नायट्रेट किती वाढतं, हा प्रश्नही तिथल्या मुलीला पुरेल. त्याचं उत्तर कुठल्याच जर्नलमध्ये लिहिलेलं नाही.