केमोतील ‘लाल औषध’ डीएनएत नेमके काय करते?

स्तनाच्या कर्करोगासाठी केमोथेरपी घेणाऱ्या अनेक रुग्णांना लाल रंगाचे इंजेक्शन दिले जाते. ते असते डॉक्सोरुबिसिन. इटलीच्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूच्या वाणातून १९६०च्या दशकात ते मिळाले.

डीएनए म्हणजे पीळ दिलेली शिडी. या औषधाच्या रेणूचा चपटा भाग तिच्या दोन पायऱ्यांमधल्या फटीत पाचरीसारखा शिरतो. त्याला जोडलेला साखरेचा तुकडा बाहेरच्या खाचेत बसून पकड घट्ट करतो. खरी कोंडी त्यानंतर होते. पेशीचे विभाजन होताना डीएनएचा पीळ सोडवण्यासाठी टोपोआयसोमरेज-२ हे विकर दोन्ही धागे कापते आणि पुन्हा जोडते. मध्ये औषध अडकले की कापणे होते, जोडणे राहून जाते. धागे तुटलेली पेशी मरते.

मात्र कर्करोगाची पेशी कोणती, हे औषधाला कळत नाही. केसांच्या मुळाशीही पेशी भराभर वाढतात, म्हणून केस गळतात. ते बहुधा परत येतात. हृदयाचे तसे नाही. तिथली इजा कायमची ठरू शकते, म्हणूनच आयुष्यभरातील एकूण डोसला मर्यादा असते आणि उपचारांआधी इको काढतात. लघवी एक-दोन दिवस लालसर झाली तर घाबरू नये, तो औषधाचाच रंग. पण दम लागला किंवा पायांवर सूज आली, तर डॉक्टरांना लगेच सांगावे. उपचार संपून काही वर्षे झाली असली तरीही.